वाळवंटातली थंडी खालून येते

प्रश्न : जानेवारीत जैसलमेरजवळच्या खुरीला तंबूत दोन रात्री राहणार आहोत. सोबत सासूबाई आणि लहान मुलगा आहे. पुण्याहून जाड रजया न्याव्यात का?

उत्तर : रजया तिथे मिळतात, तुम्ही फोमच्या चटया न्या. दुपारी स्वेटर काढायला लावणारा पारा पहाटे १० अंशांच्या खाली जातो, कधी ५ च्याही. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे वाळूतली ऊब सूर्यास्तानंतर भराभर निघून जाते. अंगाखाली दबलेलं पांघरूण ऊब धरत नाही, म्हणून जमिनीकडून येणारी थंडी आधी अडवा. तंबूसाठी दोन टेकड्यांमधला खोलगट भाग आडोशाचा वाटतो, पण थंड हवा तिथेच साचते. थोडी उंचावरची, वाऱ्याकडे पाठ असलेली जागा मागा.

उंटावरून फिरताना घातलेले सुती कपडे घामाने दमटलेले असतात. झोपण्यापूर्वी ते बदला, कानटोपी आणि कोरडे मोजे घाला. रबरी पिशवीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून पायांशी ठेवा. तोंड मात्र पांघरुणाबाहेर राहू द्या; श्वासाच्या वाफेने आतलं कापड ओलसर होतं.

आणि शेगडी? कुणी कितीही प्रेमाने आणून दिली तरी कोळशाची शेगडी तंबूत नको, विझत आलेलीही नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत ते जीव घेतं. शेकायचं ते बाहेर.

सासूबाईंना दमा किंवा हृदयविकार असेल, तर त्यांच्यासाठी गावातली पक्की खोली घ्या.