धर्मोपदेशकाची गृहिणी

गोव्यात पाद्री म्हटला की तो अविवाहित, हे आपण लहानपणापासून पाहतो. प्रॉटेस्टंट पंथात मात्र, आपल्या पेशइमामांप्रमाणेच, धर्मोपदेशक संसारी असतो. पूर्वीच्या काळी त्याच्या घरच्या स्त्रीचे जीवन कसे होते, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण जर्मनीतील. मार्टिन ल्यूथरने १५२५ साली काटारिना या पूर्वाश्रमीच्या मठवासिनीशी विवाह केला. विटेनबर्ग येथील जुन्या मठात त्यांचा संसार होता. स्वतःची सहा मुले, आप्तांची पोरकी मुले आणि पैसे देऊन राहणारे विद्यार्थी, एवढ्यांचे जेवणखाण, शिवाय शेती व गुरे, हे सर्व तीच पाही. तिच्या दोन मुली लहानपणीच वारल्या. १५४६ साली पती निवर्तला, पाठोपाठ युद्ध आले, शेते उद्ध्वस्त झाली, आणि तिला घर सोडून पळावे लागले. १५५२ साली ती वारली.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी मुलखातील. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. अकराव्या वर्षाच्या सुमारास कवी नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचे लग्न झाले. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. निर्णय पतीचा, परंतु संसार मोडला तो पत्नीचा. लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला पतीजवळ गेल्या, तरी आरंभी सोवळेओवळे पाळीत. मन पालटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक हाती आलेला पैसा गरजूंना देऊन मोकळे होत. त्यांचे औदार्य जगाला दिसे. रिकामा डबा लक्ष्मीबाईंना दिसे.

दोघींच्या जीवनात एक मोठा फरक आहे. काटारिनाची मोजकीच पत्रे उरली आहेत. तिच्या संसाराची बरीचशी माहिती पतीच्या लेखनातून मिळते. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या, तरीही त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहून आपली हकीकत आपणच सांगितली. तिचा पहिला भाग १९३४ साली निघाला व १९३६ साली त्या वारल्या.

धर्मकार्याच्या आणि संस्थांच्या इतिहासात पुरुषांची नावे येतात. त्यांच्या मागे चूल पेटती ठेवणारीचे नाव सहसा येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना व पालकांना माझी एकच विनंती आहे: घरातील आजीजवळ, नानीजवळ बसा, ती सांगेल ते वहीत उतरवा, आणि खाली तिचे पूर्ण नाव लिहा.