डबा वेगळा, आतला जिन्नस वेगळा

लग्नाची, बारशाची जुनी व्हीएचएस कॅसेट दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणतो, मोबाइलवर लावतो, तर आवाज येतो पण चित्र काळं. मग कुणीतरी सांगतं, "फाइलच्या नावाशेवटी एमपी४ लिही की!" त्याने काही होत नाही. एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही हे नुसते डबे. पोह्यांच्या डब्यावर 'साखर' लिहिलं म्हणून चहा गोड होतो का? आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, म्हणजे कोडेक कोणता, ते पाहायचं. डीव्हीडीवरच्या व्हीओबी फाइलीत सहसा एमपीईजी-२ असतं. अनेक मोबाइलना ते उलगडत नाही. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरला उलगडतं, आणि आत काय आहे तेही तो दाखवतो.

हात हलला की कडेला कंगव्याचे दाते दिसतात, तो मात्र बिघाड नव्हे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर हे खपून जायचं. आता प्लेअरमध्ये 'डीइंटरलेस' चालू करा.

दुकानदाराकडून मूळ मोठी फाइल मागून घ्याच. डीव्ही असेल तर तासाला साधारण १३ जीबी होते. मोबाइलसाठी एच.२६४ची लहान प्रत त्यातून कधीही निघते, उलट होत नाही. आणि पुन्हा कॅसेट लावू म्हणाल, तर व्हीसीआर कुठून आणणार? जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं.

टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालूच नका, पुढच्या कॅसेटलाही लागते.