करवत रेटू नये



उद्यमबागेत लोखंड कापणारे हात पुष्कळ. पण घरी खुराड्याचे दार दुरुस्त करायचे झाले की पुष्कळदा तोच हॅकसॉ लाकडावर चालतो. त्याचे बारीक दाते भुश्शाने भरतात, मग जोर लावला जातो आणि हात निसटतो. आम्हीही असाच अंगठा कापून घेतला आहे. म्हणून हे चार शब्द.

लाकडाला लाकडाचीच करवत हवी. तिचे दाते एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. त्यामुळे चीर पात्याहून रुंद पडते व पाते अडकत नाही.

प्रथम गुण्याने रेघ मारावी. लाकूड स्टुलावर ठेवून गुडघ्याने घट्ट दाबावे. मूठ धरताना तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ ठेवावी. सुरुवातीला करवत दोन-तीनदा हलकेच आपल्याकडे ओढून खाच पाडावी. नंतर खांदा, कोपर व करवत एका रेषेत ठेवून लांब हात मारावेत. रेटू नये, कापणे हे दात्यांचे काम आहे. शेवटी वेग कमी करून सुटणारा तुकडा दुसऱ्या हाताने सावरावा.

लागलेच, तर जखमेत हळद, चुना भरू नये. वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. जखम खोल वा मळकी असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

१९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा कामकरी संत योसेफाचा सण ठरविला. त्या सुताराजवळ आपण कामाबरोबर सबुरीही मागू या.