कर्करोगातून बरे झालेले तरुण आणि त्यांची कला

कर्करोग झाला की माणूस संपला, ही समजूत उजनी धरणाकाठच्या गावांतून अद्याप पुरती गेलेली नाही. जेऊर, वांगी, कंदर, केत्तूर या भागात एखाद्या घरी हा आजार निघाला की त्याचे नाव घेण्याचेही टाळले जाते. 'मोठा आजार' एवढेच म्हटले जाते. रुग्ण वयस्कर असेल तर निदान पाहुणेरावळे भेटून जातात. पण रुग्ण वीस-बावीस वर्षांचा असला, आणि त्यातून ती मुलगी असली, तर घरचे लोक 'कावीळ झाली होती', 'मावशीकडे राहायला गेली होती' असे सांगून वेळ मारून नेतात. पुढे स्थळ यायचे असते, हे त्यामागचे कारण. त्यांना दोष देता येत नाही. परंतु या लपवाछपवीची किंमत त्या मुलीलाच मोजावी लागते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

वैद्यकशास्त्रात सामान्यतः १५ ते ३९ या वयातील रुग्णांचा वेगळा गट मानतात. हॉजकिन्स लिंफोमासारखे या वयात आढळणारे काही कर्करोग वेळेवर उपचार झाल्यास बहुतांश रुग्णांत बरे होतात. मात्र उपचार संपले म्हणजे सर्व संपले असे नसते. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध अनेक कर्करोगांत देतात. त्याचा परिणाम काही जणांच्या हृदयावर कित्येक वर्षांनी दिसू शकतो. काही औषधांमुळे व रेडिएशनमुळे अपत्यप्राप्तीत अडचण येऊ शकते. म्हणून फेरतपासणी दीर्घकाळ चालू ठेवावी लागते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने बालवयात कर्करोग होऊन बरे झालेल्यांसाठी १९९१ साली स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, तो याच कारणासाठी. आता विचार करा, ज्या मुलीचा आजार सासरी ठाऊकच नाही, ती फेरतपासणीला कोणते निमित्त सांगून जाणार?

अशा रुग्णांना अलीकडे 'कर्करोगविजेते' म्हणतात. प्रस्तुत लेखकास हा शब्द रुचत नाही, कारण जे गेले ते हरले, असा त्याचा अर्थ होतो. 'बरे झालेले' हा साधा शब्द पुरेसा आहे.

आपल्या मनात या आजाराचे जे चित्र आहे ते पुष्कळसे सिनेमाने घडवले. 'आनंद' (१९७१) मधील हसतमुख तरुण शेवटी जातो. 'अखियों के झरोखों से' (१९७८) मध्ये सचिनची नायिका रक्ताच्या कर्करोगाने जाते. थिएटरात डोळे पुसून लोक घरी आले आणि तरुण वयातील कर्करोग म्हणजे मरण हे गणित पक्के झाले. मराठीत संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) वेगळा निघाला. त्यातील कोकणातल्या मुलाला डोळ्यांचा कर्करोग आहे. शस्त्रक्रियेने दृष्टी जाणार, पण जीव वाचणार. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला जग दाखवून घेतात. राष्ट्रीय पुरस्काराने गौरविलेला हा चित्रपट बरे होण्याची किंमतही दाखवतो आणि पुढे जगायचे आहे हेही दाखवतो. तरीही तो आजोबांच्या नजरेतून पाहिलेला आहे. तोच मुलगा पंचविशीत आल्यावर स्वतः काय सांगेल, हा प्रश्न उरतोच.

हे स्वतः सांगणे आता ठिकठिकाणी सुरू झाले आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ साली मुंबईत 'उगम' हा गट स्थापन झाला. बालपणी कर्करोग होऊन बरे झालेले तरुण तो चालवतात आणि नवीन रुग्णांच्या कुटुंबांना भेटून धीर देतात. क्रिकेटपटू युवराजसिंग याने आपल्या आजाराची हकीकत २०१३ साली पुस्तकरूपाने सांगितली. अमेरिकेतील सुलेका जवाद हिला २०११ साली, बाविसाव्या वर्षी, रक्ताचा कर्करोग झाला. तिने इस्पितळातून वृत्तपत्रात सदर लिहिले. दहा वर्षांनी आजार उलटला, औषधांमुळे नजर धूसर झाली, लिहिणे अवघड झाले, तेव्हा ती अंथरुणावरच जलरंगात चित्रे काढू लागली. चित्रकलेचे शिक्षण झालेले असलेच पाहिजे असे नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी येथे लक्षात घ्यावी.

आपल्याला तर हा मार्ग परका नाही. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, तोपर्यंत आपल्याविषयी इतरांनीच पुष्कळ लिहिले होते. ज्याने भोगले त्याने सांगितल्यावर वाचणाऱ्याची नजर बदलली. त्याआधी भीमराव कर्डक आदींचे जलसे गावोगाव तेच काम करीत होते. धरणाकाठी आणखी एक उदाहरण आहे. धरण १९८० साली पूर्ण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. त्या जुन्या गावातील वेस, वाडा, विहीर कोठे होती हे म्हातारी माणसे आजही तपशीलवार सांगतात. पाणी ओसरून पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले की लोक मुद्दाम पाहायला जातात. म्हणजे गमावलेल्या गोष्टीविषयी बोलणे आपल्याला येते. आजाराच्या बाबतीत तेवढे जमत नाही.

याकरिता एक पद्धत उपयोगी पडेल. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एचआयव्हीग्रस्त स्त्रियांनी २००२ च्या सुमारास ती वापरली. माणसाएवढा कागद जमिनीवर पसरायचा, त्यावर आडवे व्हायचे, दुसऱ्याने शरीराची बाह्यरेषा काढायची. मग ज्याचे त्याने त्यात भरायचे : सुई कोठे टोचली, व्रण कोठे आहे, भीती कोठे बसली होती, बळ कोठून आले. बोलायला जीभ रेटत नाही ते माणूस रंगाने दाखवतो. कर्करोगातून बरे झालेल्यांनाही ती लागू पडण्यासारखी आहे. खर्च कागद आणि रंगांचा, जागा समाजमंदिराची. ज्याला गळा आहे त्याने गाणे रचावे, चार जण जमले तर छोटे नाट्य बसवावे.

दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. पहिले, कोणालाही आग्रह करू नये. आपला आजार गावाला सांगायचा की नाही, हा सर्वस्वी त्या तरुणाचा अधिकार आहे; चित्र काढून घडी घालून पेटीत ठेवले तरी ते काढलेलेच आहे. दुसरे, चित्र हे औषध नव्हे. मन हलके होते, पण गाठ त्याने विरघळत नाही, आणि तसे सांगणाऱ्या भोंदूंपासून सावध असावे.

बोलण्याने काय साधते याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीला १९८२ साली नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय सुरू झाले. १९८७ पासून तेथून बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील खेड्यांची कर्करोग नोंदणी होते. ग्रामीण भागातील ती देशातील पहिली. रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येत नाहीत, म्हणून तेथील कार्यकर्ते गावोगाव गेले, बैठका घेतल्या, लक्षणे समजावून दिली. काही वर्षांत स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला. अशा बैठकीत बरा झालेला एखादा तरुण स्वेच्छेने आपले चित्र घेऊन उभा राहिला, तर तक्त्यापेक्षा लोक त्याच्याकडे अधिक पाहतील.

आपल्या सभासदांपैकी कोणाच्या घरी असा तरुण असल्यास प्रथम त्याच्या उपचारांचे सर्व कागद एका पिशवीत नीट लावून द्यावेत; कोणते औषध किती दिले, हे वीस वर्षांनंतरच्या डॉक्टरलाही त्यातूनच कळते. फेरतपासणी कोठे व केव्हा हे ज्या रुग्णालयात उपचार झाले तेथे विचारावे. बार्शीचे रुग्णालय असल्यास जेऊर अथवा केमहून कुर्डुवाडी आणि तेथून बार्शी, असे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. सोबत कोणीतरी जावे.