मागच्या सीटवरून बघ

रत्नागिरी

चि. बाळास,


फोनवर तू विचारलंस, तेव्हा समोर पेशंट होते आणि घाईत काही सांगायचं नव्हतं. लांब सेडान घ्यायचं तुझं जवळजवळ ठरलंय, पुण्यातल्या शोरूमवाल्यांबरोबर एक फेरीही झालीय, आणि रोजच्या वापरात अशी गाडी खरंच आरामाची असते का एवढंच तुला माझ्याकडून हवंय. मी इतकी वर्षं अशीच गाडी रत्नागिरीत चालवतेय, त्यामुळे विचारलंस ते बरं केलंस. पैशांचं मी बोलणार नाही, ते तुझं तू कमावलंयस. आरामाचं मात्र सविस्तर सांगते, कारण लोकांच्या कंबरा आणि गुडघे बघण्यात माझा जन्म गेलाय आणि त्यातले बरेच गुडघे महागड्या गाड्यांतून उतरून आलेले होते.

सर्वात आधी, शोरूमची ती फेरी विसरून जा. चांगला डांबरी रस्ता, टाकीत जेमतेम पेट्रोल, मागे कोणी नाही आणि स्टिअरिंग तुझ्या हातात. अशा वेळी कुठलीही गाडी छानच वाटते. स्टिअरिंग धरणाऱ्याला वळण आधी दिसतं, खड्डा आधी दिसतो, त्याचं अंग आपोआप तयारीत असतं. मागे बसलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. तू ज्या जातीची गाडी घेतोयस ती आपल्याकडे मुळात मागे बसणाऱ्यासाठी घेतली जाते, हे गाडी बनवणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक आहे. मर्सिडीजची ई-क्लास १९९५ पासून पुण्यात जुळवली जाते. आधी पिंपरीला टेल्कोच्या आवारात, पुढे २००९ पासून चाकणला. २०१७ मध्ये त्यांनी भारतासाठी तिचा लांब अवतार आणला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३०७९ मिलिमीटर, म्हणजे परदेशात विकल्या जाणाऱ्या साध्या ई-क्लासपेक्षा १४० मिलिमीटर जास्त. ऑक्टोबर २०२४ च्या नव्या गाडीत ते ३०९४ झालं. ही सगळी वाढ मागच्या माणसाच्या पायांसाठी आहे. म्हणून परीक्षाही मागच्या सीटवरूनच घे, आणि तिथे आपल्या आजीला बसव.

चाकांमधलं अंतर वाढलं की पाय पसरायला जागा होते, हे उघडच आहे. त्याहून मोठा फायदा हा की गाडी पुढे-मागे कमी झुलते. खड्ड्यातून जाताना आखूड गाडीचं नाक खाली जातं न जातं तोच शेपूट उडतं; लांब गाडीत तो झोका मंद होतो. मणक्याच्या पेशंटला हा झोकाच सर्वात जास्त छळतो. चांगल्या गाडीची बॉडी आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते. हा आपल्या चालण्याच्या जवळचा वेग आहे, म्हणून शरीराला तो सोसतो. सेकंदाला चार ते आठ हादऱ्यांच्या पट्ट्यात मात्र बसलेल्या माणसाचं धड आणि पोट सर्वात जास्त थरथरतं. तेवढा पट्टा गाडीने गिळला की अर्धं काम झालं. उरलेलं टायरकडे असतं, आणि इथेच लोक स्वतःच्या हाताने आराम घालवतात.

शोरूममध्ये तुला मोठी अलॉय व्हील्स दाखवतील. ती दिसतात सुंदर, पण टायरवरचा आकडा वाच. २४५/४० आर १९ लिहिलेल्या टायरच्या रबराची उंची असते ९८ मिलिमीटर. २२५/५५ आर १७ मध्ये ती १२४ भरते. फरक एक इंचाचा. हातखंब्याच्या पुढे जिथे काँक्रीट संपून जुनं डांबर लागतं, तिथली कड चुकवायला वेळ मिळत नाही, आणि तेव्हा हा एक इंच आजीच्या कमरेत जाणार की रबरात हे ठरतं. कंपनीच्या यादीत सर्वात लहान चाक मिळत असेल तर तेच माग. टायर रनफ्लॅट आहेत का तेही विचार. पंक्चर झाल्यावरही ते साधारण ताशी ८० च्या आत ८० किलोमीटरपर्यंत जातात, पण त्यासाठी त्यांच्या कडा जाड आणि कडक केलेल्या असतात, आणि तो कडकपणा पंक्चर नसतानाही रोज अंगाला जाणवतो. डिकीत स्टेपनी आहे का, असेल तर ती बारीक चाकाची आहे का, आणि ती ठेवल्यावर आंब्याच्या पेट्यांना जागा किती उरते, हे डिकी उघडून स्वतः बघ. संध्याकाळी साखरप्याच्या अलीकडे टायर गेला तर त्या मापाचं टायर पंक्चरवाल्याकडे मिळणार नाही, हे धरूनच चाल.

हवेचंही सांगते. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा भरतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर दोन माणसांची हवा वेगळी आणि भरल्या गाडीची वेगळी लिहिलेली असते. तोच कागद खरा मान. ज्या गाडीला लोक ‘फार कडक आहे’ म्हणतात, तिच्यात नुसती हवाच जास्त भरलेली असते, असं कितीदा तरी दिसतं.

आता गतिरोधक. तुझी खरी काळजी तीच आहे, मला ठाऊक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. तसा असला तर लांब गाडीची दोन्ही चाकं त्याच्या उतारावर येतात आणि पोटाच्या बाजूला त्याचा सातेक सेंटिमीटरच भाग राहतो, त्यामुळे ती बिनदिक्कत निघून जाते. पण वाडीतल्या लोकांनी पोरांच्या काळजीने रातोरात घातलेला गतिरोधक हातभर रुंद आणि वीतभर उंच असतो. तो अख्खा दोन चाकांच्या मध्ये येतो आणि गाडी खालून घासते. अशा सेडानचं पोट जमिनीपासून दीडशे मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि पाच माणसं नि सामान भरलं की तेही खाली येतं. तिरकी घालून एकेक चाक चढवायची, गरज पडली तर मागच्या दोघांना उतरवायचं. उतरायला लाजू नये. काही गाड्यांत हवेची सस्पेन्शन असते, बटण दाबलं की गाडी उचलली जाते. सोय मोठी, पण वॉरंटी संपल्यावरचा तिचा खर्चही मोठा, आणि ते काम गल्लीतल्या मेकॅनिकच्या हातचं नाही. तू गाडी दहा वर्षं ठेवणार असशील तर साधी स्प्रिंगची घे असं माझं स्पष्ट मत आहे.

लांबीचा दुसरा त्रास गावात कळतो. ही गाडी पाच मीटरहून लांब असते. मारुती मंदिराच्या चौकात तिचं काही वाटत नाही. पण आपल्या घरी यायला जांभ्याच्या दोन गडग्यांमधून काटकोनात वळावं लागतं, तिथे तुला एकदा मागे घेऊन पुन्हा घालावी लागेल. कॅमेरे असले तरी गडग्यातून बाहेर आलेला चिरा त्यांना उशिराच दिसतो. आजीला घरातल्या कोणाच्या तरी हाताला धरून आधी उतरव आणि मग गाडी आत घे.

उतरवण्याचंच आता नीट लिहिते, कारण याकडे कोणी बघत नाही. गाडी आरामाची आहे की नाही हे म्हातारं माणूस दाराशी ठरवतं, आत बसल्यावर नव्हे. मोजपट्टी घे आणि मागच्या सीटच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोज. मग आजी खुर्चीत बसलेली असताना तिच्या गुडघ्याच्या मागच्या लवणीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोज. सीट त्याहून जितकी खाली, तितका उठताना मांडीवर आणि गुडघ्याच्या वाटीवर भार जास्त. सेडान या बाबतीत कमीच पडते आणि तिथे एसयूव्हीवाले बरोबर आहेत, हे मान्य करायला हवं. पण यातलं बरंचसं गाडी लावण्यावर असतं. फुटपाथच्या कडेला लावलीस तर पाय वर आणि सीट आणखी खाली, म्हणजे उठणं अवघड. आपल्या अंगणाला उतार आहे, तिथे आजीचं दार उताराच्या खालच्या बाजूला येईल अशी लाव. बसताना आधी पाठ सीटकडे करायची, सावकाश टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. चामड्याचं सीट गुळगुळीत असतं, ते इथे मदतीला येतं. उतरताना आधी दोन्ही पाय जमिनीवर. आधार दाराच्या चौकटीचा किंवा तुझ्या हाताचा, उघड्या दाराचा कधीच नाही, ते हलतं.

सीटवर बसल्यावर मांडीखालची गादी गुडघ्याच्या दोन-तीन बोटं अलीकडे संपते का बघ. त्याहून लांब असली तर आजीसारखी बुटकी माणसं पुढे सरकतात आणि कंबर अधांतरी राहते. मागची सीट बटणावर रेलते हे सगळ्यांना आवडतं. थोडी रेलव, पूर्ण आडवी करू नकोस. माणूस जास्त आडवा झाला की पट्टा ओटीपोटाच्या हाडावरून सरकून पोटावर येतो, आणि ब्रेक लागला तर तोच पट्टा इजा करतो. मागे पट्टा लावायचाच, यात कसलीही सूट नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. भारी गाडीत मागे बसणाऱ्याला वाटतं की गाडीच सगळं सांभाळेल. घरातल्या घरात ही समजूत आधी मोडायला हवी.

घाटाचं वेगळंच शास्त्र आहे. तू कोल्हापूरहून आंबा घाटाने आलास काय किंवा कराडहून कुंभार्लीने आलास काय, मऊ गाडी घाटात उलट जास्त लागते. पाच-पाच सेकंदांनी येणारा डावा-उजवा संथ झोला, म्हणजे सेकंदाला ०.२ च्या आसपासचा, मळमळीला सर्वात अनुकूल असतो. त्यात समोर उंच हेडरेस्ट, बाजूला पडदे आणि खिडकीखाली बुडालेलं लहान पोर. घाट सुरू झाला की गाडी ‘कम्फर्ट’वरून एक पायरी घट्ट करून बघ, मागचे पडदे काढ, पोराला मोबाइल देऊ नकोस. बाकी सगळं तुझ्या पायात आहे. वळणाच्या आधी ब्रेक संपला पाहिजे, वळणात पाय स्थिर, वळण सुटताना हळूच वेग. आत आवाज येत नाही म्हणून ऐंशीचा वेग पन्नाससारखा वाटतो. काटा बघत राहा.

आता आपल्या कोकणातलं. जूनपासून चार महिने फिकट रंगाचं चामडं इथे टिकत नाही. गाडी आठवडाभर बंद राहिली की सीटच्या शिवणींत बुरशी येते आणि एसीला कुबट वास मारतो. लाल चिखल पायपुसण्यात मुरतो तो वेगळाच. रंग गडद घे, रबरी मॅट घे, पावसाळ्यात गाडी दोन-तीन दिवसांआड थोडी तरी फिरव आणि घरी पोचायच्या आधी काही मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेव. माडाखाली लावू नकोस, हे तुला सांगायला नको. बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात, आठवड्याला एकदा उघडून बघ. आणि पाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा उभ्या उभ्या किती गाड्या गेल्या, ते तू टीव्हीवर पाहिलंस. सेडानच्या इंजिनाचं नाक खालीच असतं. रस्त्यावर पाणी वाहतंय आणि खालचा रस्ता दिसत नाही, तर मागे फिरायचं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही. विम्यात इंजिनाचं संरक्षण वेगळं पैसे भरून घ्यावं लागतं, ते घे.

एवढं सगळं वाचून मी नको म्हणतेय असं समजू नकोस. पुण्यातल्या रोजच्या गर्दीत, सातारा रस्त्यावर, लांबच्या प्रवासात चांगली सेडान शरीराला जेवढी शांतता देते तेवढी उंच गाड्या देत नाहीत. त्या बाजूला कलतात, आणि मागे बसलेल्याचं डोकं दिवसभर त्यांच्याबरोबर डोलतं. रत्नागिरीहून पुण्यापर्यंत बसून गेल्यावर माझी कंबर दुसऱ्या दिवशी कामाला तयार असते. तू वर्षातून तीन-चारदा इथे येणार आणि उरलेले दिवस पुण्यात चालवणार, तर गाडी तुला योग्य आहे. लहान चाकं, साधी सस्पेन्शन, डिकीत स्टेपनी आणि गडद सीट एवढं मात्र सोडू नकोस.

आणि एक कर. बुकिंगचे पैसे भरण्याआधी लग्नाला भाड्याने देतात त्यांच्याकडून तेच मॉडेल दोन दिवसांसाठी घे. ड्रायव्हर त्यांचाच असू दे. तू मागे बस, मुलांना घे, आंबा घाटाने ये. इथून आजीला घेऊन पावसला जाऊन येऊ, वाटेत सगळे गतिरोधक येतील. आजी उतरल्यावर काय म्हणते ते ऐक आणि मग पैसे भर. नवरात्राच्या आधी आलास तर बरं, नंतर माझ्याकडे पेशंटची गर्दी असते. निघण्याआधी फोन कर.

तुझी,
मावशी