यंत्र न थांबवता दुरुस्ती : आपण काय शिकावे?

'अपडेट करा व यंत्र पुन्हा सुरू करा' अशी सूचना दुकानातील संगणकावर येते. समोर गिऱ्हाईक उभे असते, म्हणून आपण ती उद्यावर ढकलतो. या 'उद्या'ची किंमत मे २०१७ मध्ये जगाने मोजली. 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने अनेक देशांतील संगणकांवरील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. विंडोजमधील ती उणीव दूर करणारे अपडेट मार्चमध्येच आले होते. अनेकांनी ते घेतलेच नव्हते.

यंत्र बंद का करावे लागते? संगणकाच्या मुळाशी 'कर्नेल' ही मुख्य आज्ञावली असते. कारखान्यातील मुकादमाप्रमाणे ती सर्व कामांची वाटणी करते. मुकादम बदलायचा तर सगळे माग थांबतात.

ज्यांना एक मिनिटही थांबणे परवडत नाही, त्यांच्यासाठी दोन वाटा शोधल्या गेल्या. पहिली, मुकादम तोच ठेवून त्याच्या वहीतील चुकीच्या पानावर चिठ्ठी लावणे : 'हे सोडा, नवे पान वाचा.' लिनक्ससाठी असे 'केस्प्लाइस' हे साधन अमेरिकेतील एमआयटीमधून २००८ मध्ये पुढे आले. २०१५ मध्ये तशी सोय लिनक्सच्या गाभ्यातच आली. मात्र ती लहान दुरुस्त्यांपुरती आहे. संपूर्ण नवी आवृत्ती घालायची तर यंत्र थांबवावेच लागते.

दुसरी वाट म्हणजे एकाच यंत्रात अनेक कर्नेल. प्रत्येक मुकादमाकडे थोडे थोडे माग. एक बदलला तरी बाकीचे माग चालू. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाने मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांसह २००९ मध्ये 'बॅरलफिश' या प्रणालीतून अनेक कर्नेलांची कल्पना मांडली. २०२५ मध्ये लिनक्ससाठीही तसा प्रस्ताव आला.

आपल्या छोट्या दुकानातील संगणकाला सहसा ही चैन नसते. पण त्या मोठ्या कंपन्यांना नसलेली एक सवलत आपल्याला आहे : आपले दुकान रोज बंद होते. तेव्हा आठवड्यातील एक रात्र ठरवावी.

१) हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी व तो काढून वेगळा ठेवावा.
२) विजेचा भरवसा पाहून अपडेट सुरू करावे, मध्येच बटण दाबू नये.
३) यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर शेवटचे बिल उघडून पडताळावे.

उधारीचा हिशेब ही गिऱ्हाइकाची आपल्याकडील अमानत आहे. तिच्या राखणीसाठी आठवड्यातून अर्धा-पाऊण तास देणे जड जाऊ नये.