डब्यातले पैंजण काळे का पडले?

प्रश्न : माझं माहेर शिरूर, सासर दौंड तालुक्यात केडगावजवळ. लग्नात पैंजणांचे दोन जोड मिळाले. एक रोज पायात असतो, तो अजून पांढरा आहे. दुसरा जपून डब्यात ठेवला होता, तो दिवाळीला काढला तर काळाठिक्कर! सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता असली की चांदी काळी पडते. जाऊबाई म्हणतात, चांदीच खोटी. खरं काय? आणि घरी उजळता येईल का?
(एक वाचक, ता. दौंड)

उत्तर : सासूबाईंचा मान राखून सांगतो, जो जोड काळा पडला तो कुणाच्या अंगावर नव्हताच. उष्णता काय ती डब्याच्या अंगात!

लोखंड गंजतं तशी चांदी नुसत्या हवापाण्याने गंजत नाही. तिचं वैर गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात असतो, सडक्या अंड्याचा वास येतो तोच. तो चांदीला लागला की वर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळा. दमट हवेत हे लवकर होतं, कोरड्या हवेत सावकाश. शिरूर-दौंड पर्जन्यछायेतले तालुके, त्यामुळे कोकणातल्या बायकांपेक्षा तुम्ही सुखी. पण गंधकाचा तुमच्याकडे तोटा नाही. चाळीत सडलेला कांदा, उकिरडा, तुंबलेलं गटार, गोबरगॅस, साखर कारखान्याचं साचून कुजलेलं मळीचं पाणी, सगळीकडून तो येतो. पिकावरच्या भुरी रोगावर 80 टक्क्यांचं विद्राव्य गंधक फवारून आलेल्या हाताने अंगठी चाचपली तरी डाग पडतो. दिवाळीत फटाक्यांच्या दारूतलं गंधक त्यात भर घालतं.

मग पायातला जोड पांढरा कसा? चालताना कड्या एकमेकींवर आणि कातडीवर घासतात, रोज पाणी-साबण लागतो, थर धरायला उसंतच मिळत नाही. डब्यातल्या जोडाला घासणारं कुणी नाही. सासूबाईंच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे तेही सांगायला हवं. घामात क्षार असतात, गंधकयुक्त द्रव्यंही असतात आणि प्रत्येकाचा घाम सारखा नसतो. म्हणून एकीची जोडवी महिन्यात काळवंडतात, दुसरीची वर्षभर तशीच राहतात. मात्र त्याचा तापाशी किंवा पित्ताशी संबंध नाही. बाळाचे वाळे काळे पडले म्हणून दृष्ट काढणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

जाऊबाईंचा तर्क मात्र साफ उलटा आहे. काळी पडते ती चांदी असते म्हणूनच. निव्वळ शुद्ध चांदीही काळवंडते. दागिन्याच्या 925 चांदीत हजार भागांत 75 भाग बहुधा तांबं असतं, त्यामुळे ती जरा लवकर काळवंडते इतकंच. उलट ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून जे विकतात त्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदीचा कणही नसतो. तेव्हा खरंखोटं रंगावरून ठरवू नका, हॉलमार्क बघा. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीलाही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक मिळू लागला आहे. तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो. सोन्यासारखी सक्ती अजून नाही, म्हणून घेताना आपणच मागायचा.

आता उजळण्याचं. त्या काळ्या थरात वजनाने शंभरात 87 भाग चांदीच असते. राख, रांगोळी, टूथपेस्ट लावून तुम्ही खसाखसा घासता तेव्हा मोरीत जाते ती चांदी. वर बारीक ओरखडे उठतात ते वेगळेच. त्याऐवजी स्टीलच्या पातेल्यात तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, त्यावर पैंजण फॉइलला टेकतील असे ठेवा, लिटरभर कढत पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ विरघळवून ओता. पाच-दहा मिनिटांत गंधक चांदीला सोडतं आणि चांदी जागच्या जागी परत येते. सडक्या अंड्याचा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. मग साध्या पाण्याने धुऊन, घुंगरांतलं पाणी झटकून, सुती कापडाने कोरडं करा. हलकं काळवंडलेलं असेल तर एवढा खटाटोपही नको; रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

मोती, खडे, मीना, आत लाख भरलेले तोडे आणि मुद्दाम काळे केलेले ऑक्सिडाइज्ड दागिने या सोड्याच्या पाण्यात कधी घालू नका. देवघरातले टाकही नकोत. जेजुरी जवळ असल्याने तुमच्याकडे घरोघरी खंडोबाचा टाक असणार. टाकाचा चांदीचा पत्रा पातळ, बऱ्याचदा मागे तांब्याचा पत्रा. जोरात घासला तर चार-पाच वर्षांत देवाचे नाक-डोळे सपाट होतात. नवरात्राआधी सगळ्या गावाचे देव एकदमच सोनाराकडे उजळायला जातात आणि घाईत ते तेजाबातून काढले जातात. आपले आठ-पंधरा दिवस आधी द्यावेत, हे बरं.

ठेवायचं कसं? पूर्ण कोरडा जोड झिपच्या प्लास्टिक पिशवीत, हवा दाबून काढून, सोबत खडूचा तुकडा किंवा औषधाच्या डबीत येते ती सिलिका जेलची पुडी. खडू फक्त ओल शोषतो, गंधक अडवते ती बंद पिशवी. तुमच्या डब्यात जोडाला रबर बँड लावला होता का, किंवा तो लोकरीच्या तुकड्यात गुंडाळला होता का, जरूर बघा. रबर टिकाऊ करायला त्यात गंधकच घालतात आणि लोकरीतही ते असतं. दोन्ही चांदीजवळ नकोत.

आणि सराफाकडे पॉलिशला द्यायचेच असतील तर देताना समोर वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्या, परत घेतानाही वजन करा. थोडी घट येणारच, पण ती किती आली हे कळायला हवं.